आदिनाथची बारी

जेलात जोडीनं बसवत्यात. सकाळी गिनती, दुपारी गिनती, सांजंला गिनती. दोन-दोन मानसं उकिडवी, मुंडी खाली, हात गुडघ्यावर. हवालदार जोड्या मोजतो, मानसं मोजत न्हाई. आन् साऱ्या जगातनं माझ्या जोडीला कोन यावा, तर आदिनाथ. माझा चुलतभाऊ आन् माझा फिर्यादी. मी बी त्याचा फिर्यादीच. एका गावाचे, एका आडनावाचे, एकाच दिवशी आत आलेले, म्हनून कारकुनानं नावं एकाखाली एक लिवली आन् झाली जोडी. नशीब बी कवाकवा लई टवाळ असतं.

मी छगन. कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या कालव्यावर आमचं रान हाय. माझ्या आन् आदिनाथच्या रानाला पान्याची एकच चारी. चारीला पानी आलं की आधी त्याची बारी, मग माझी, ही आज्याच्या येळची रीत. त्या दिवशी त्याची बारी सरली तरी त्यानं पानी सोडलं न्हाई. माझा जनावरांचा घास उभा जळत हुता. मी फावडं घिऊन गेलो, तो काठी घिऊन आला. आधी कुनी उगारलं ह्यावर दोन वकील भांडत्यात. मला इचाराल तर त्यानंच. माझं डोकं फुटलं, त्याची नडगी फुटली. दोघांनी एकमेकांवर केस ठोकली, तीनशे सात, जीवे मारायचा प्रयत्न. आता त्या कलमाला नवा नंबर आलाय म्हनत्यात, पन आत अजून जुन्याच नंबराला मान हाय.

आमचा अबोला त्याच्या बी आधीचा. बांधावरनं भांडान झालं तवा खंडोबाच्या देवळात, भावकीसमोर, दोघांनी बेल-भंडारा उचलला. ह्याच्याशी बोलनार न्हाई, ह्याच्या हातचं पानी पिनार न्हाई. भंडारा उचलला म्हनजे संपलं. मानूस शब्द फिरवंल, भंडारा कसा फिरवनार?

आन् अशा मानसाशेजारी मला आनून बसवला. मी पहिल्याच दिवशी हवालदाराला म्हनलो, "साहेब, ह्यो माझा वैरी हाय. आमाला येगळं ठिवा."

हवालदार म्हनला, "दुसऱ्या खोलीत बायका आहेत. तिकडं जातोस?"

सगळे हसले.

खोली बांधली असंल दहा-बारा मानसांच्या हिशेबानं. आत आमी साठाच्या वर. उभं ऱ्हायला जागा हाय, बसायला कशीबशी हाय, आडवं व्हायला न्हाई. कोपऱ्यात अर्ध्या भिताडाआड संडास, त्याला दार न्हाई. नळ सकाळी घटकाभर येतो, तेवढ्यात एक निळा ड्रम भरायचा, आन् प्यायला बी तोच, धुवायला बी तोच. डाळीत डाळ हुडकावी लागायची. पहिल्या आठवड्यातच बोटांच्या बेचक्यात खाज सुटली, मग काखंत, मग जिथं सांगू न्हाई तिथं. खरूज साऱ्या खोलीलाच. गिनतीला बसल्यावर खाजवलं तर "हलतो का रे" म्हनून पट्टा बसायचा. कंबरेचा पट्टा, बक्कल बाहेरल्या अंगाला. त्यो बी खाजंवरच बसायचा.

खोलीत गोरक्षनाथ म्हनून एक म्हातारा हुता, पारनेरकडचा. लई वर्सं नुसत्या तारखाच चालल्या हुत्या त्याच्या. सगळे त्याला नाना म्हनायचे. जागा वाटून द्यायचं काम नानाचं. नानानं फरशीवर बोट ठिवून आमाला जागा दावली. एक मानूस कुशीवर पडंल एवढीच.

"एका जागंला दोन मानसं," नाना म्हनला. "आधी ह्यानं पडायचं, टोल पडला की उठायचं, मग त्यानं. दुसऱ्यानं भिताडाला टेकून बसायचं. जोडी ती जोडी. भांडायचं आसंल तर बाहेर जाऊन भांडा."

म्हनजे झोपंला बी आदिनाथच. पान्याची बारी सुटली आन् झोपंची बारी लागली. रीत मातर तीच, आधी त्याची, मग माझी.

मला वाटलं, ह्यो काय उठायचा न्हाई. पानी सोडलं न्हाई तो फरशी कशाला सोडंल? मी मनात सगळी तयारी करून ठिवली हुती, कुठं धरायचं, कसं वढायचं. पन टोल पडला की आदिनाथ आपल्याआप उठायचा. बोलायचं न्हाई, हात लावायचा न्हाई, म्हनून बोटाच्या पेरानं फरशीवर दोनदा टकटक करायचा आन् जाऊन भिताडाला बसायचा. एक दिवस चुकला न्हाई. मी पडायचो तवा फरशी गरम असायची, त्याच्या अंगानं. मला लई राग यायचा त्या उबंचा. हाच इमानदारपना चारीवर दावला असता तर दोघं बी आपापल्या घरी झोपलो असतो की. पन थंडीचे दिवस हुते, राग आला तरी ऊब कोन सोडतो?

साठ मानसांत मानूस एकटा कसा पडतो, ते आत आल्याबिगर कळायचं न्हाई. देव करो आन् तुमाला न कळो. कुनाचा तरी गुडघा बरगडीत, कुनाचा तरी श्वास मानंवर, आन् नाव घिऊन हाक मारनारा कुनी न्हाई. हवालदाराला मी "ए म्हाताऱ्या", बाकीच्यांना "तीनशे सात". मला छगन म्हनून लहानपनापून वळखनारा त्या खोलीत एकच मानूस हुता, आन् त्यानं बोलायचं न्हाई म्हनून भंडारा उचललेला.

मुलाखतीच्या दिवशी माझा पोरगा सुनील आला. मधी दोन जाळ्या, अलीकडं आमी, पलीकडं घरची, सगळे एकाच येळी बोंबलनार. मला त्याला इचारायचं हुतं, म्हैस व्याली का, आईचा गुडघा कसा हाय. त्यातलं काई न्हाई झालं. सुनील ओरडला, "दादा, वकील म्हनत्यात समोरच्याची जखम भरली का तुमचा जामीन झालाच म्हनून समजा."

आन् माझ्या शेजारी, हातभर अंतरावर आदिनाथ हुता, त्याला पलीकडनं त्याचा मेव्हना पुंजाराम वरडून सांगत हुता, "दाजी, जखम भरू देऊ नका. तशीच ताजी ठिवा. तारखंला जज्जाला दावा. लागलेलं दिसलं का तुमचा जामीन, आन् त्यो बसतो आत."

जाळीवर गुपित ऱ्हात न्हाई. मी बी ऐकलं, सुनीलनं बी ऐकलं, अख्ख्या जेलानं ऐकलं. तेवढ्यावर सगळं येऊन ठेपलं. आदिनाथची नडगी भरली तर मी सुटनार, न्हाई भरली तर तो.

तवापून माझे डोळे त्याच्या नडगीवर. सकाळी उठलो की देवाचं नाव न्हाई, आधी नडगी. खपली धरली की मला बरं वाटायचं. धरू लागली हुती, खोटं कशाला बोलू. फावडं आडवं बसलं हुतं, हाड शाबूत हुतं, घरी असता तर हळद लावून कवाच बरा झाला असता. पन आदिनाथ भिताडाकडं तोंड करून बसायचा आन् नखानं खपली काढायचा. ओठ दाताखाली धरून. एकदा मी बघितलं, तमाखूबरुबर मिळालेला चुना त्यानं बोटावर घेतला आन् उघड्या जखमेत भरला. डोळ्यातनं पानी आलं त्याच्या, पन तोंडातनं आवाज न्हाई.

मला ऱ्हावलं न्हाई. त्याच्याशी बोलायचं न्हाई, म्हनून मी ड्रमाशी बोललो. लेकी बोले सुने लागे, ही आमची जुनी सोय हाय. गावात बी मी त्याला काई सांगायचं आसंल तर माझ्या बैलाला सांगायचो.

"काय रं ड्रमा," मी म्हनलो, "काई काई मानसं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत्यात बघ. हितं खरूज, हितं घान, त्यात जखम उघडी. केसच्या नादात पाय जाईल एखाद्याचा."

आदिनाथ नानाकडं बघून म्हनला, "नाना, काई मानसांना दुसऱ्याच्या पायाची लई काळजी. फावडं मारायच्या आधी कुठं गेल्ती?"

नाना म्हनला, "मला मधी घालू नका रं. मी ह्यापेक्षा लई शान्या मानसांच्या भांडनात आत आलोय."

मग तारीख आली. पूर्वी तारखंला गाडीतनं कोर्टात न्यायचे म्हनं, रस्ता तरी दिसायचा. आता गार्ड कमी, म्हनून तारीख टीव्हीवर. हवालदाराच्या खोलीत टेबलावर पडदा, त्यावर जज्जसाहेब बोटाएवढे. आमाला लायनीत उभं केलं. आदिनाथ माझ्या पुढं. त्यानं त्या दिवसासाठी लेंगा गुडघ्यापस्तोर वर करून ठिवला हुता. त्याचं नाव पुकारलं तसा तो पडद्यासमोर गेला आन् एक पाय उचलून टेबलावर ठिवायला लागला, का जज्जाला नडगी दिसावी.

हवालदारानं त्याची कॉलर धरून मागं वढला. "कोर्टासमोर पाय वर करतो? अक्कल आहे का?" आन् एक ठिवून दिली कानाखाली. पडद्यावर कुनाला काई दिसलं न्हाई. कॅमेरा नुसता तोंड दावत हुता. आवाज बी खरखरत हुता. पुढली तारीख पडली, त्याची बी आन् माझी बी. माझं नाव पुकारलं तवा मी पडद्यात माझंच तोंड बघितलं, दाढी वाढलेलं, आन् मला ते वळखूच आलं न्हाई.

परत येऊन आदिनाथ जाग्यावर बसला. लेंगा खाली केला न्हाई, तसाच नडगीकडं बघत बसला. एवढं सोसलं आन् कुनी बघितलं न्हाई. मला हसू यायला पायजे हुतं. न्हाई आलं.

त्याच्यानंतर त्यानं खपली काढायचं सोडलं. पन आता जखमंनं ऐकायचं सोडलं हुतं. दोन-तीन दिवसांत पोटरी सुजली, मग गुडघा दिसंनासा झाला. कातडी ताठ, लाल, वर चकाकी. आन् वास. त्या खोलीत वासाची कुनाला सवय न्हवती असं न्हाई, पन ह्या वासानं लोक तोंड फिरवायला लागले. आठवड्यानं डॉक्टर आले, दारातनंच इचारलं, "काय होतंय?" आन् पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्याच गोळ्या पोट दुखलं तरी द्यायचे, दात दुखला तरी द्यायचे. आदिनाथला ताप चढला. मी हवालदाराला सांगितलं, नानानं सांगितलं. हवालदार म्हनला, "दवाखान्यात न्यायचं तर गार्ड लागतात. सगळे बंदोबस्ताला गेलेत. उद्या बघू." ह्यो उद्या काई येईना.

त्या दिवसांत टोल पडला तरी आदिनाथ उठंना. पहिल्या दिवशी मला वाटलं, आला वळनावर, चारीवरचा आदिनाथ. मग त्याचं अंग बघितलं, तापानं थरथरत हुतं. मी भिताडाला बसून ऱ्हायलो. दुसऱ्या दिवशी बी. बसून बसून कंबर गेली माझी. खोलीतली पोरं टवाळी करायची, "काय छगनराव, भाऊ लई प्यारा झाला का? का तीनशे दोनची भीती वाटायला लागली?"

कारन ते हुतंच. आदिनाथ गेला तर माझं तीनशे सात जाऊन तीनशे दोन लागनार, खून. जलमभर आत. हे काय मला कळत न्हवतं व्हय? पन मी जागा सोडून बसत हुतो ते त्याच्यासाठी का माझ्यासाठी, हे मला खरंच सांगता यायचं न्हाई. त्या पोरांना शिव्या घातल्या मी. तो जगावा एवढंच मला पायजे हुतं. का पायजे हुतं, ते देवाला ठावं.

एका दुपारी तो पानी मागायला लागला. डोळे मिटलेले, ओठ फाटलेले, "पानी, पानी" एवढंच. मी ड्रमातलं पानी मगात घेतलं आन् त्याच्या तोंडाला लावलं. त्यानं डोळे उघडले, मला बघितलं, आन् तोंड फिरवलं. तापात सुदीक भंडारा इसरला न्हाई गडी. मला एवढा राग आला का ते पानी त्याच्या डोक्यावर वतावं. मी तो मग नानाच्या हातात दिला. नानानं पाजलं तसं घटाघटा प्याला.

"येडे हाय तुमी दोघं बी," नाना म्हनला.

दिवस मावळायला आला तसा त्याचा ताप आनखी चढला. मी भिताडाला बसलेलो. बघतो तर आदिनाथ कोपरावर जोर दिऊन उठायला बघतोय. हात घसरत हुता, तरी बोटाचं पेर फरशीवर आपटत हुता. टकटक. परत टकटक. माझ्याकडं बघत हुता. डोळे काचंचे झालेले.

"छगन," तो म्हनला. "माझी बारी सरली का रं?"

किती वर्सांनी त्याच्या तोंडून माझं नाव ऐकलं, म्हनाल तर माझ्या लग्नानंतर बहुतेक न्हाईच. भंडारा गेला खड्ड्यात, असं म्हनू न्हाई, पन तवा म्हनलो मनात. मी सरकलो, त्याच्या खांद्याला धरून त्याला खाली निजवला. अंग तव्यावानी भाजत हुतं.

"न्हाई सरली," मी म्हनलो. "झोप तू. अजून तुझीच हाय."

"मग तू कवा पडशील?"

"मी पडंल की. मला घाई न्हाई."

तो बरं म्हनला, आन् डोळे मिटले. माझं बोट धरून ठिवलं हुतं त्यानं, ते मी सोडवून घेतलं न्हाई.

सकाळी गिनती लागली. सगळे जोडीनं बसले. मी उभाच.

"खाली बस," हवालदार म्हनला.

"माझी जोडी उठत न्हाई, साहेब. त्याला दवाखान्यात न्या. तवर मी बसनार न्हाई आन् तुमची गिनती बी जुळनार न्हाई."

पट्टा निघाला. पोटऱ्यांवर, पाठीवर, मानंवर. मी पडलो की वढून उभा करायचा आन् परत. "खुनाची भीती वाटते का रे भडव्या?" म्हनत हुता. मी म्हनलो, "व्हय साहेब, वाटती. न्या त्याला." लाज सोडली मी. दुसरं काय करनार हुतो? तेवढ्यात नाना उकिडवा बसला हुता तो मांडी घालून बसला आन् म्हनला, "मी बी जोडीत बसनार न्हाई." मग आनखी दोघं-चौघं. कुनी थाळी वाजवली न्हाई, का घोषना दिली न्हाई. नुसती मांडी घालून बसली मानसं. पन गिनती जुळली न्हाई म्हनजे वरच्या साहेबाला सांगावं लागतं, आन् साहेब आला तर त्याला बी वास आला. रुमाल नाकाला लावून तो म्हनला, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

दुपारनंतर गाडी आली. आदिनाथला घोंगडीवर घालून चौघांनी उचलला. एका कोपऱ्याला मी हात लावला तर हवालदारानं माझ्या हातावर काठी मारली. "तू आरोपी आहेस. लांब हो." दाराच्या बाहेर नेताना आदिनाथनं मान वळवली का न्हाई, मला दिसलं न्हाई. मधी मानसं हुती.

जागा आता माझी एकट्याची झाली. टोल पडला तरी कुनी उठवनार न्हाई. मी पडायचो, फरशी थंडगार लागायची, आन् डोळ्याला डोळा लागायचा न्हाई. गिनतीला नानानं मला आपल्या जोडीला घेतला. रोज हवालदाराला इचारायचो, "साहेब, आमच्या आदिनाथचं काय?" तो म्हनायचा, "मी काय तुझा पोस्टमन आहे?" मुलाखतीला सुनील आला न्हाई. पुंजाराम तर माझ्यासाठी यायचाच न्हाई. नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं एवढंच कळलं हुतं. मी खंडोबाला म्हनलो, भंडाऱ्याचा काय दंड घ्यायचा तो माझ्याकडून घे, त्याचा पाय घ्यायचा तर पाय घे, पन मानूस ठिव.

एका सकाळी हवालदार दाराशी आला. हातात कागद. माझं नाव घेतलं, पुरं नाव, बापाच्या नावासकट. मला वाटलं, जामीन झाला.

"कलम वाढलं तुझं," तो म्हनला. "खुनाचं लागलं. इथं अंगठा कर."

"म्हनजे," मी म्हनलो.

"म्हणजे काय म्हणजे? वाढलं म्हणजे वाढलं."

कुनी मला म्हनलं न्हाई का तुझा भाऊ गेला. कवा गेला, रातीला का दिवसा, पानी मागितलं का न्हाई, त्याची बायको मुक्ताबाई वहिनी जवळ हुती का, अग्नी कुनी दिला, काई न्हाई. कलम वाढलं एवढंच. मी सही करतो, पन अंगठा म्हनला म्हनून अंगठाच केला.

मग मला ध्यान आलं का मला सुतक लागलं. भावकी एक, रगत एक. घरी असतो तर डोकं भादरून घेतलं असतं, खांदा दिला असता. मी गजातनं हाक मारली. "साहेब, मला न्हाव्याकडं न्या. केस काढायचे हायत. माझा भाऊ वारलाय."

हवालदार वळला आन् माझ्याकडं बघत ऱ्हायला. खरंच त्याला कळलं न्हाई, हसावं का मारावं. "तूच मारला," तो म्हनला, "आणि सुतक पण तूच पाळणार?"

"मी न्हाई पाळायचं तर कुनी?" मी म्हनलो. "त्याला मी एकटाच चुलतभाऊ."

तो गेला. केस काई निघाले न्हाईत.

मी जाग्यावर येऊन बसलो. नानानं सगळं ऐकलं हुतं. म्हातारा चांगला, जुन्या रीतीचा मानूस. तो उठून खोलीला म्हनला, "सरका रं जरा. सुतकी मानूस हाय, त्याला कुनी शिवू नका. तेराव्यापस्तोर त्याला त्याची जागा द्या."

आन् ती मानसं सरकली. चोर, पाकीटमार, दारूवाले, मला तीनशे दोन म्हनून चिडवनारी पोरं, सगळी मान खाली घालून सरकली. एकमेकांच्या अंगावर चढली, संडासाच्या भिताडाला जाऊन चिकटली, दोघं तर ड्रमावर चढून बसली. माझ्या चारी अंगानं फरशी मोकळी झाली. एवढी जागा त्या खोलीत कुनाच्या बापानं बघितली न्हवती.

"नाना," मी म्हनलो, "मला नको सुतक. कुनालातरी खेटून बसू दे माझ्याजवळ."

"रीत हाय, छगन," नाना लांबनंच म्हनला. "मोडू नये."

मी बरं म्हनलो. मग मी त्या मोकळ्या फरशीवर आडवा झालो, पाय पार लांब केले, कारन ते आता कुनालाच लागनार न्हवते, आन् आदिनाथसाठी मोठ्यानं रडलो.